उजवा वरचा कोपरा

सिनेमावाला माणूस वाईट नव्हता.
चप्पल काढून सोप्यावर बसला,
सोलकढी दोनदा मागून घेतली,
आणि म्हणाला, ही गोष्ट पडद्यावर यायलाच हवी.

मिनिन कार्दोजने त्याला सगळं सांगितलं
बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांवर हात ठेवून:
तळपणचं कापलेलं शेत, अनवाणी पायांना टोचणारे खुंट,
माडाच्या वाशांचे खांब,
आणि गोलाला जाळं नाही म्हणून
पागींच्या वाड्यावरून उसना आणलेला
रांपणीचा एक तुकडा.
त्याला बांगड्यांचा असा वास,
की अख्खा पूर्वार्ध तीन मांजरं
मिनिनच्या पाठीमागे बसून होती.

समोर आगोंद.
बक्षीस, एक चषक आणि उकड्या तांदळाची दोन पोती.
साल अठ्ठ्याहत्तर.
चषक कोणाला हवा होता?

शेवटची पाच मिनिटं. सूर्य अर्धा समुद्रात.
त्यांचा तो डावखुरा, बुटका,
त्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही,
तिरका मारतो.
बॉल वर, उजव्या कोपऱ्यात,
आणि जाळ्यातून आरपार
मागच्या मेरेवर.

पंच म्हणजे चावडीचा शाळामास्तर, जाड काचांचा.
तो म्हणतो, बाहेर.
आमचा गाव ओरडतो, बाहेर, बाहेर!
आगोंदची पोरंसुद्धा
डोक्याला हात लावून मागे वळलेली.

आणि मिनिन हात वर करतो.
"गोल जालो, मास्तर."

"का बोललात?" सिनेमावाल्याचं पेन थांबलं.
मिनिन हसला. पुढचे दोन दात नाहीत.
"बॉल बोटांना चाटून आत गेला.
बोटांना काय सांगू?"

पुढचं त्याने सांगितलं नाही.
पदेराची सायकल दोन वर्षं
त्याच्या दारात थांबली नाही.
नदी ओलांडायला लोक त्याची होडी सोडून
पाऊण तास दुसरीची वाट बघायचे.
आगोंदवाल्यांनी आपणहून
एक पोतं परत धाडलं, तर आमच्यांनी
ते रात्रीच मापाने वाटून घेतलं.
कार्दोजांच्या घरी वाटा गेला नाही.
आमच्या घरी आला.
आईने तो शिजवला, पण ती जेवली नाही.
मी आठ वर्षांचा, मला वाटलं
तिचा उपास असेल.

आता सांगायला हरकत नाही, ती गेली.
जाळं दुरुस्त करायला तिच्याकडेच आलं होतं
आदल्या रात्री.
बारा भोकं. बांबूची सुई,
चिमणीचा उजेड, मांडीवर मी झोपलेलो.
अकरा भोकं तिने बुजवली.
बारावं, असोला नारळ जाईल एवढं,
उजव्या वरच्या कोपऱ्यात,
तिथे पोचेपर्यंत रॉकेल संपलं.
उसनं मागायला गेली असती,
पण मागच्या वेळचंच द्यायचं राहिलं होतं.
तिला वाटलं, एवढ्या वर कोण मारतोय.

हे तिने मला सांगितलं मरणाआधी एक महिना,
गोळी पाण्याबरोबर गिळून झाल्यावर, सहज,
जणू मीठ संपलंय म्हणून सांगावं.
मिनिनला? कधीच नाही.
त्याच्या होडीतून मात्र
तीच एक जायची, रोज,
काम असो नसो,
आणि पैसे मोजून फळीवर ठेवायची.

सिनेमावाला निघताना म्हणाला,
जुना एखादा फोटो?
आहे ना. सामन्याआधीचा.
अकरा जण, मिनिन मधोमध, केसांना तेल,
मागे ते जाळं आणि एक मांजर.

त्याने मोबाइल वर धरला.
मी फोटो दोन्ही हातांनी उचलून धरला उजेडात.
म्हणाला, काका, अंगठा थोडा बाजूला घ्याल?
कोपरा झाकला जातोय.

मी म्हटलं, तिथे काही नाही.
घे तसाच.